तिसऱ्या पट्ट्याचं कापड

कुंदा साळुंखेच्या हातात सुई आली नवव्या वर्षी, खानापूर तालुक्यात, आईच्या वाकळेवर. आकडा आला सत्तावन्नाव्या वर्षी, जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये, फ्राऊ हांकेच्या वर्गात. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत काय केलं, असं कुणी विचारलं तर ती म्हणते, "भाकऱ्या थापल्या. आनि काय."

हे काही खरं नाही. नवऱ्याला पिंपरीच्या कारखान्यातून जर्मनीत नोकरी लागली, तेव्हा पाच वर्षांचं पोर काखेला मारून ती त्याच्या मागोमाग आली. शाळेच्या स्वयंपाकघरात चौदा वर्षं भांडी धुतली. जर्मन शिकली तीही तिथंच, वाफेत आणि खडखडाटात, त्यामुळं ती जर्मन जरा मोठ्यानं बोलते. समजतं सगळं. बोलताना क्रियापद शेवटी ठेवायचं की मध्ये, याचा विचार तिनं सोडून दिला आहे.

शाळेतलं काम सुटल्यावर हात रिकामे पडले. मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग चालतात, त्यात हा एक होता. जुन्या कापडाच्या चिंध्यांचा गालिचा. लाकडी चौकटीवर तरट ताणून बसवायचं. खालून चिंधी धरायची, वरून आकडा खुपसायचा आणि चिंधीचा फासा वर ओढून काढायचा. त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. गाठ कुठंच मारायची नाही. कुंदा पहिले दोन मंगळवार प्रत्येक ओळीला पाठीमागून गाठ मारत होती, आईनं तसं शिकवलेलं. फ्राऊ हांके चौकट उलटी करून हसायची. "फ्राऊ सालुन्के, गाठ नको. शेजारचा फासा धरतो."

हांकेबाईचं वय अठ्ठ्याहत्तर. तिची आई लढाईनंतर पूर्वेकडून बटाट्याचं पोतं पाठीला बांधून इकडं आली होती, आणि त्याच पोत्यावर तिनं पहिला गालिचा केला होता. त्यामुळं हांकेबाईच्या वर्गात फुलं-पानं-बदकं चालत नव्हती. तुमच्या घरातलं कोण कुठून कुठं गेलं ते काढा, आणि ज्याचं त्याचं कापड वापरा, एवढंच तिचं सांगणं.

प्रतापराव, म्हणजे कुंदाचा नवरा, हे ऐकून पोट धरून हसला.

"पायपुसनं करायला शाळा? आमच्या आयेनं तुला फुकट शिकवलं आसतं की."

"पायपुसनं न्हाय. भिंतीला लावायचं हाय. तुमच्या आज्याला पायाखाली घीन व्हय मी?"

"आज्याला कशाला आनतीस मधी?"

"पयला पट्टा त्येंचाच हाय."

चार पट्टे तिनं कोळशानं तरटावर आखून घेतले होते. सर्वांत खाली आजेसासरे. दुष्काळात गाव सोडून गलाईच्या कामाला सेलमला गेले, दुसऱ्याच्या भट्टीवर सोनं गाळत म्हातारे झाले. त्यांच्या वर सासरे, पिंपरीला यंत्राच्या कारखान्यात गेले ते. तिसरा पट्टा प्रतापरावाचा. चौथा रुपेशचा, पाच वर्षांचा असताना आला तो, आता तिसाचा, इथल्याच मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. चार पट्टे, चार माणसं, चार जागा. खालचे तिघं गेले ते पोटासाठी, चौथ्याला आणलं. तुझा पट्टा कुठं, असं हांकेबाईनं विचारलं तेव्हा कुंदा म्हणाली, "मी करतीय की हे."

कापडाचा प्रश्न मात्र वर्गातल्या दुसऱ्या कुणाला पडला नाही तो हिला पडला. जर्मन बायकांच्या माळ्यावर आज्यांचे कोट, टोप्या, लग्नातले झगे डांबरगोळ्या घालून ठेवलेले. साळुंख्यांच्यात मेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवत नाहीत. तेराव्याला सगळं वाटून टाकायचं, उरलं तर ओढ्याला सोडायचं. कुंदा या बाबतीत फार कडक. तिनं गावी दिराला फोन लावला.

"हरीश भावजी, मामंजींचं येखादं कापड हाय का वं?"

"वैनी, बारा वर्सं झाली. समदं तेराव्यालाच गेलं. तुमीच तर गठुळं बांधलं हुतं. येक रुमालबी ठिऊ नका म्हनालासा."

"व्हय," कुंदा म्हणाली. "मीच म्हनाले हुते."

हरीश घुटमळला. मग म्हणाला, "येक हाय बगा. पर हसू नका. पिंपरीची खाकी. तवा शाळवात बुजगावन्याच्या अंगात हुती, म्हनून वाचली. खोपटात पडलीया."

आजेसासऱ्यांचं तसंच झालं. त्यांचा पटका एका भाच्यानं लग्नासाठी मागून नेला होता, तो परत दिलाच नव्हता. हरीशनं त्या भाच्याच्या पोराकडून तो काढला. मेल्या दिवशी घरात नव्हतं तेवढंच राहिलं.

पार्सल कस्टमच्या कचेरीत अडकलं. प्रतापराव सोडवायला गेला. तिथल्या माणसानं ती खाकी दोन बोटांनी उचलली. पाखरांनी खांद्यावर घाण केलेली, एक बाही उंदरानं खाल्लेली. हे काय आहे म्हणून त्यानं विचारलं.

"माझा बाप," प्रतापराव म्हणाला.

माणसानं त्याच्याकडं बघितलं आणि शिक्का मारला.

सप्टेंबरपर्यंत दोन पट्टे उभे राहिले. पटक्याचा लाल उडालेला होता, तरी फासा ओढला की आतला रंग वर यायचा. मग तिनं तिसऱ्याकडं मोर्चा वळवला.

"आवं, तुमचं येखादं जुनं द्या."

"माझं कशाला? मी काय पूर्वज झालो?"

"पट्टा हाय तुमचा."

"मेल्यावर घे की. समदी तुजीच हाईत."

"मेल्यावर घेता येत न्हाय, म्हनून तर आता मागतीय."

"मंग रुपेशचं लाव आदी."

"आसं कसं? बा सोडून पोरगं?"

प्रतापरावाकडं कपडे नव्हते असं नाही. पण हा माणूस कापडाला फार जपायचा. शर्ट विटला तर घरात, घरात विटला तर बागेत, बागेत विटला तर गाडी पुसायला. शेवटी महिनाभर टोचून टोचून कुंदानं एक शब्द काढून घेतला. निळ्या चौकड्याचा शर्ट, एका दिवाळीला पुण्यातून आणलेला, तो त्याला फार प्रिय होता. "एप्रिलात रिटायर झालो की देतो. तवर वापरू दे. शेवटच्या दिवशी घालून जातो आनि आल्यावर तुज्या हवाली."

कुंदानं तिसरा पट्टा मोकळा ठेवून कडेची किनार विणायला घेतली.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी प्रतापराव पहिल्या पाळीला गेला. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून बुटाची नाडी बांधता बांधता वाकला, तो वर झालाच नाही. अंगावरचा कामाचा डगला कंपनीच्या धोबीखात्याचा होता. तो कापून काढला आणि खात्यात परत गेला.

मग सगळंच चुकत गेलं. इथं माणूस मेला की आधी कागद लागतात. डॉक्टरचा कागद, नोंदणीचा कागद, मग दहनाचा टेर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, तो मिळाला बाराव्या दिवशी. दहावा आला तरी माणूस शीतगृहात. हरीश फोनवरून सांगत होता, "गेल्या दिवसापास्नं मोज, जाळल्या दिवसापास्नं न्हाय." रुपेश वहीत लिहून घेत होता. दाढीच्या यंत्रानं त्यानं स्वतःचं डोकं भादरलं, मागं दोन पट्टे तसेच राहिले, ते कुंदानं काढले. नेकारच्या काठाला भात ठेवला तर बदकं आली. हरीशनं विचारलं, "शिवला का?" रुपेश म्हणाला, "शिवला." काय शिवलं ते दोघांनीही पुढं काढलं नाही.

रुपेश आईबापाशी लहानपणापासून जर्मनमध्येच बोलायचा. आई मराठीत विचारणार, हा जर्मनमध्ये उत्तर देणार, कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पण त्या तेरा दिवसांत तो एक एक मराठी शब्द हुडकून बोलत होता. मुलाचं म्हणून जे करायचं असतं त्यातलं त्याला नीट काहीच करता येत नव्हतं, आणि हे त्याला कळत होतं.

तेराव्याला कुंदाला सहीसाठी नोंदणी कचेरीत जावं लागलं. दुपारी ती परत आली. प्रतापरावाचं कपाट उघडं होतं. आत काही नव्हतं. फळ्या ओल्या फडक्यानं पुसलेल्या, खालच्या फळीवर पणती लावलेली. रुपेश दारात उभा. वाक्य त्यानं मनात जुळवून ठेवलेलं असावं, कारण ते न अडखळता आलं.

"आई, सगळं दिलं. एक रुमालपण नाही ठेवला."

कोपऱ्यावर जुन्या कपड्यांचा लोखंडी कंटेनर आहे. सहा पिशव्या त्यानं त्यात सोडल्या होत्या. झडप उघडून, एक एक.

कुंदा म्हणाली, "बरं केलंस."

आणि तिनं हातपाय धुतले.

ती त्याला काही बोलली नसतीच. पण चार दिवसांनी हांकेबाई केक घेऊन भेटायला आली. सोफ्यावर बसली, कुंदाचा हात हातात घेतला आणि रुपेशच्या देखत विचारलं, "कोणतं कापड ठेवलंस त्याचं? निळं ना? तू म्हणाली होतीस."

कुंदानं केकच्या ताटल्या आणायच्या म्हणून आत काढता पाय घेतला. रुपेशनं भिंतीला टेकवलेल्या चौकटीकडं बघितलं. खाली लाल, मग खाकी, मग हातभर रुंद नुसतं तरट. तो तसाच उठला, बूट घातले न घातले असं करून खाली पळाला. कंटेनर आदल्याच दिवशी रिकामा केलेला. त्यावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस सज्जन होता, बिचाऱ्यानं सगळं समजावून सांगितलं. त्याचं असं, पिशव्या फोडतात, पट्ट्यावर टाकतात, टनानं वेगळं करतात, काही परदेशी जातं, काहीच्या चिंध्या होतात. कुठलं कुठं गेलं ते सांगता येत नाही.

डिसेंबर तसाच गेला. कुंदा किनार विणत राहिली. किनार संपली तरी तिनं ती थोडी उसवून परत विणली.

जानेवारीत एका शनिवारी रुपेश आला. तो हायलब्रॉनला राहतो, वीस मिनिटांवर. हातात कागदी पिशवी. टेबलावर ठेवली आणि जर्मनमध्ये म्हणाला, "सापडला. तिथल्या एका माणसानं बाजूला ठेवला होता."

निळ्या चौकड्याचा शर्ट.

कुंदानं तो उचलला. आधी नाकाशी नेला, मग लांब धरला. गळ्याचं लेबल कापलेलं होतं. खिशाच्या काठाला पांढरा डाग. प्रतापराव तंबाखू खायचा. जर्मनीत पंचवीस वर्षं काढली पण तंबाखू आणि चुन्याची डबी कधी सुटली नाही, गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत त्याची पुडी असायची.

कुंदानं शर्ट उलटा केला. खालचा घेर आतून बघितला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटांनी चाचपत.

"रुपेश. तुजा बा चुना कुटं पुसायचा?"

रुपेशनं डागाकडं बोट केलं. "खिशाला."

"खिशाला पुसला आसता तर मला दिसला आसता. मी बोलले आसते. त्यो आतनं पुसायचा, हितं, खालच्या घेराला. मला ठावं न्हाय आसं समजून. तीस वर्सं मी ती कड घासलीय. त्येच्या समद्या शर्टाची ही कड इरलेली आसायची."

तिनं शर्ट त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हा तुजा हाय."

"हो," रुपेश जर्मनमध्येच म्हणाला.

त्या दिवाळीला तिनंच दोन घेतले होते, एका ताग्यातले, एक बापाला, एक लेकाला, लेकाचा जरा आखूड. हे तिच्या ध्यानातच नव्हतं. ह्याच्या होतं. ह्यानं बापाच्या डबीतला चुना घेऊन अंगठ्यानं खिशाला लावला होता आणि वाळवला होता.

"जित्या पोराचं कापड मेलेल्या बाच्या जागी घालू व्हय? अक्कल हाय का तुला?"

"सेम कापड आहे आई. गेनाऊ सेम." आता तो मराठीत आला होता.

"कापड त्येच हाय. घालनारा त्यो न्हाय."

"तुला काय, भिंतीवर कुणाला कळणार?"

"तुला कळंल," कुंदा म्हणाली. "आनि मला."

तिनं कात्री घेतली. रुपेशला वाटलं, रागानं शर्टाचे तुकडे करणार. तिनं शिवण उसवली, बाह्या वेगळ्या केल्या, पाठ सोडवली आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापत बसली. चुन्याचा खिसा तेवढा कापून बाजूला ठेवला, तो नंतर कचऱ्यात गेला. मग चौकट मांडीवर घेऊन वरच्या टोकाला, चौथ्या पट्ट्यात, पहिला फासा ओढला.

"ह्ये तुजं. तुज्या जागी."

तो तासभर बसून बघत होता. मग त्यानं विचारलं, मधल्याचं काय? तिनं पुढचा फासा ओढला.

हांकेबाईनं तोच प्रश्न चार मंगळवार विचारला. तिला कळवळा होता, पण ती कारागीर होती. उघडं तरट टिकत नाही. गालिचा गुंडाळला, हलवला, की पहिल्यांदा तिथंच फाटेल. तिनं दोन उपाय सांगितले. एक, साधी राखाडी लोकर भरून टाक. दुसरा, मधलं तरट दुमडून मागून शिवून घे, म्हणजे खाकी आणि निळं एकमेकांना भिडतील, भेग दिसणार नाही.

दुसऱ्यावर कुंदा थांबली. दुमडून बघितलं. खरंच छान दिसत होतं. सासऱ्यांच्या शेजारी रुपेश. पिंपरीवरून पोरगं आपल्या पायांनी जर्मनीत आलं, असं. तिनं घडी सोडली आणि तरट तळहातानं सपाट केलं.

"आसू दे."

"तिथं फाटेल, फ्राऊ सालुन्के."

"हो," कुंदा म्हणाली. "तिथंच फाटू दे."

मार्चात वर्गाचं प्रदर्शन लागलं, गावच्या सभागृहाच्या पुढच्या दालनात. नऊ गालिचे. कुंदाचा खिडकीशेजारी. रुपेश कारखान्यातून परस्पर आला होता, डोक्यावरचे केस आता बरोबरीला आले होते. लोक फिरत होते, हातात प्याले. गळ्यात जाड मण्यांची माळ घातलेली एक बाई कुंदाच्या गालिच्यापुढं उभी राहिली ती हलेना. दोन पावलं मागं गेली, डोकं कलतं केलं, नवऱ्याला बोलावून दाखवलं. मग कुंदाकडं वळली.

"ही मधली रिकामी जागा! किती धाडस लागतं. इथं सगळं सांगून जातं. दोन देशांमधलं अंतर, नाही का? कसं सुचलं तुम्हाला?"

रुपेश तोंड उघडायला लागला. त्याला सांगायचं होतं, कुंदाला ते त्याच्या मानेवरूनच कळलं. ती मराठीत म्हणाली, "गप ऱ्हा." आणि मग त्या बाईला, आपल्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या आवाजात, जर्मनमध्ये, "कापड नव्हतं."

बाई हसली. नवऱ्याला म्हणाली, किती साधी माणसं असतात ही.

परत जाताना रुपेश गाडी चालवत होता. गालिचा मागच्या सीटवर, गुंडाळलेला नाही, आडवा टाकलेला. नदीवरच्या पुलाशी वाहनं खोळंबली होती.

"आई," तो म्हणाला. मराठीत. "तुझं. नंतर. ठेवायचं का?"

"काय?"

"कापड."

कुंदानं पदर गुडघ्यावर सारखा केला. तिच्या अंगावर कोट होता, कोटाखाली साडी, ती फक्त प्रदर्शनापुरती नेसलेली.

"न्हाय. रीत हाय ती हाय. येक रुमालबी ठिऊ नगंस."

पुढच्या गाड्या हलल्या. त्यानं गिअर टाकला. घराच्या वळणावर तीच म्हणाली, "मी जिती आसतानी हातानं काय देईन, तेवडं ठिव. ते मेल्याचं हुत न्हाय."

"कधी देशील?"

"दीन की."

गालिचा आता रुपेशच्या घरी बैठकीच्या भिंतीला आहे. मधल्या तरटाचे धागे उजव्या बाजूनं सुटायला लागलेत, हांकेबाई सांगत होती तसेच. कुंदा तिच्या घरी असते. रविवारी तो जेवायला येतो, तेव्हा ती एकदा तरी कपाटाशी जाते. दार उघडते, वरच्या फळीवरची एक सुती साडी खाली घेते, घडी मोडते, परत घालते. मग बाहेर येऊन त्याला विचारते, भात आणि घेतोस का.

अजून तिनं काही दिलेलं नाही.